झाड आपले, फळ कोणाचे?

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीत आणि खालापूर-कर्जतच्या गावांत अजूनही पुष्कळ घरांमागे परस शिल्लक आहे. त्यात एखादा रायवळ आंबा, फणस, दोन पेरू, चिकू, लिंबू, पपई, कोपऱ्यात केळी आणि कुंपणालगत रातांबा असतो. वर्षभर घरची माणसे या झाडांची निगा राखतात. फळ धरू लागले की मात्र भागीदार जमा होतात. पेरूवर पोपट येतात, चिकूवर रात्री वटवाघळे उतरतात, फणसावर माकडे बसतात, कैऱ्यांवर शाळेतून परतणारी मुले नेम धरतात आणि उरलेसुरले वळवाचा वारा पाडून जातो. हंगाम संपल्यावर घरच्या टोपलीत आलेली फळे मोजली, तर झाडाने दिलेल्या फळांचा तो केवळ एक हिस्सा असतो. मग घरातील कर्त्या माणसाच्या तोंडून हमखास निघते की एवढे कष्ट करून आपल्या हाती काय आले?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. गेलेले फळ निव्वळ तोटा असेल, तर तोट्याचा व्यवहार बंद करणेच शहाणपणाचे ठरते. अनेक घरांनी तसे केलेही आहे. झाड तोडून परसात फरशी घातली, की पाचोळा नाही, माकडे नाहीत, मुलांचे दगड नाहीत आणि मोटार उभी करण्यास जागा होते. दुसरीकडे काही जण फळ वाचविण्यासाठी विषारी आमिषाचा मार्ग धरतात. दोन्ही वर्तनांच्या मुळाशी एकच समजूत आहे: झाड माझे, म्हणून त्याचे प्रत्येक फळ माझे. इस्लामची शिकवण या समजुतीकडे कशी पाहते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

दिव्य कुरआनातील सूरह अल-वाकिआत (५६:६३-६५) अल्लाहने मानवाला विचारले आहे की तुम्ही जे पेरता ते उगविणारे तुम्ही आहात की आम्ही? सूरह यासीनमध्ये (३६:३३-३५) मृत जमीन जिवंत करणे, खजूर व द्राक्षांच्या बागा आणि वाहते झरे यांचा उल्लेख केल्यानंतर, मग माणसे कृतज्ञ का होत नाहीत, असा प्रश्न केला आहे. परसात काम करणाऱ्याला या आयतींचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आंब्याच्या मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो फुले असतात. त्यांतील अगदी थोड्या फुलांना फळ धरते आणि धरलेल्यातीलही बरेचसे वाटाण्याएवढे असतानाच गळते. जानेवारीत चार दिवस ढगाळ हवा राहिली तर तुडतुडे आणि भुरी मोहोराचा फडशा पाडतात. आपण आळे केले, खत घातले, पाणी दिले; परंतु फुलाचे फळ करणे कोणाच्याही हातात नव्हते.

म्हणूनच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फळ पक्वतेला लागण्यापूर्वी ते विकण्यास मनाई केली. बुखारी व मुस्लिम यांनी नोंदविलेल्या आदरणीय अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये याचे कारणही आले आहे: अल्लाहने फळच रोखून धरले, तर तुम्ही आपल्या भावाचा पैसा कोणत्या आधारावर घ्याल? कोकणात मोहोर पाहूनच घरची चार झाडे व्यापाऱ्याला देऊन टाकण्याची रीत आहे. अशा घरांनी या हदीसवर जरूर विचार करावा. जे अजून आपल्यालाच मिळालेले नाही, ते आपण दुसऱ्याला विकत असतो.

यावरून कोणी असे समजू नये की सर्व काही अल्लाहच्या हाती असल्याने माणसाने स्वस्थ बसावे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही तिरमिजीतील शिकवण सर्वांस परिचित आहे. तसेच अल्लाहने प्रत्येक गोष्टीत उत्तमता, म्हणजे इहसान, आवश्यक ठरविली आहे, हे सही मुस्लिमच्या हदीसवरून स्पष्ट होते. झाडाच्या बाबतीत इहसानचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. खोपोलीच्या परिसरात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. म्हणून कलम किंचित उंचवट्यावर लावावे, त्याच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नये आणि कलमाचा जोड मातीखाली गाडला जाऊ नये. जोडाच्या खाली खुंटाला फुटणारे धुमारे वेळीच काढावेत. अन्यथा कलम मरते आणि खुंट वाढतो. शेणखत बुंध्याला चिकटवून न घालता फांद्यांच्या घेराखाली घालावे, कारण अन्न घेणारी कोवळी मुळे तेथे असतात. खोडातून भुसा पडताना दिसला की भिरूड लागली असे समजून तारेने अळी बाहेर काढावी.

उन्हाळ्यात चित्र पालटते. १९१५ पासून घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खोपोलीच्या टाटा वीजगृहात उतरते आणि पुढे पाताळगंगेला मिळते; नदी वाहती असते, पण उतारावरील घरांच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात. अशा वेळी तांदूळ-भाजी धुतलेले पाणी आणि वुजूचे पाणी गटारात न सोडता आळ्यात वळविणे व आळ्यावर पाचोळ्याचे आच्छादन घालणे एवढ्यानेही लहान झाड तगून जाते. वाहत्या नदीकाठीही वुजूचे पाणी उधळू नये, ही शिकवण देणाऱ्या धर्माच्या अनुयायांना हे अवघड वाटू नये. मुस्लिम जगताने ही निगा एके काळी शास्त्राच्या पातळीवर नेली होती. १२ व्या शतकात अंदलुसमधील इश्बीलिया, म्हणजे आजच्या सेव्हिल शहरातील इब्ने अव्वाम यांनी ‘किताबुल फिलाहा’ या ग्रंथात माती, खत, पाणी, कलम आणि झाडांचे रोग यांचे ज्ञान एकत्र केले. झाडाविषयी जाणून घेणे हाही त्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या पिढ्यांनी मानले होते.

येथवर आपले कर्तव्य स्पष्ट आहे. आता गेलेल्या फळाकडे वळू. सही मुस्लिममध्ये आदरणीय जाबिर (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) एका अन्सारी महिलेच्या, उम्मे मुबश्शिर (रजि.) यांच्या खजुराच्या बागेत गेले आणि ही झाडे कोणी लावली याची त्यांनी विचारपूस केली. त्यानंतर त्यांनी जे फर्माविले त्याचा आशय असा, की मुस्लिमाने झाड लावले किंवा शेत पेरले आणि त्यातून माणसाने, जनावराने वा पक्ष्याने काही खाल्ले, तर ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते. याच ग्रंथातील दुसऱ्या कथनात तर त्यातून चोरीस गेलेलेही सदका गणले आहे.

विचारी वाचकाला येथे एक अडचण जाणवेल. कर्माचे मोल हेतूवर, म्हणजे नीयतवर ठरते, ही बुखारीची पहिलीच हदीस आहे. पोपटाला पेरू द्यावा असा हेतू कोणीही धरलेला नसतो आणि चोराला द्यावा असा तर मुळीच नसतो. जे दिलेच नाही त्याचे पुण्य कसे मिळावे?

विचारांती असे दिसते की झाडाच्या बाबतीत देण्याचा क्षण फळ जाण्याच्या क्षणी येत नाही. तो फार पूर्वी येऊन गेलेला असतो. धान्य कणगीत ठेवता येते, पैसा कपाटात ठेवता येतो. झाड मात्र आकाशाखाली उभे राहते आणि त्याला कुलूप घालता येत नाही. हे ठाऊक असूनही जो माणूस जून महिन्यात खड्डा खणतो, त्याने पाखरे येणार, वारा येणार, वाटसरूचा हात पोहोचणार, हे मनोमन स्वीकारलेले असते. शब्दांत मांडलेला नसला तरी हा स्वीकार त्याच्या हेतूचा भाग आहे आणि आळ्यात ओतलेल्या प्रत्येक बादलीबरोबर तो पुन्हा दृढ होतो. जे हातून निसटले त्याबद्दल संयम राखण्याचेही स्वतंत्र मोल आहे. बोचलेल्या काट्याच्या बदल्यातही श्रद्धावंताचे अपराध झडतात, असे हदीसमध्ये आले आहे. या अर्थाने ज्या फळाला आपण तोटा म्हणतो, ते कष्टांच्या मोबदल्यातील एक हिस्साच आहे. आपल्या टोपलीतील फळे चार दिवसांत संपतात. हा हिस्सा मात्र लिहून ठेवला जातो.

चोराचा प्रश्न उरतो. मालकाच्या खाती सदका जमा झाल्याने चोराचा गुन्हा पुसला जात नाही. हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत आणि दोघांनाही आपापला जबाब द्यायचा आहे. त्याचप्रमाणे झाड वाऱ्यावर सोडून द्यावे आणि त्याला सदका म्हणावे, असाही याचा अर्थ होत नाही. राखण करण्याचा हक्क मालकाला आहे. ती कशी करावी याला मर्यादा आहेत.

या मर्यादा समजून घेण्यासाठी अबू दाऊद आणि तिरमिजी यांनी नोंदविलेला एक प्रसंग पुरेसा आहे. राफे बिन अम्र (रजि.) लहानपणी अन्सारच्या खजुरांवर दगड मारीत असत. लोकांनी त्यांना पकडून प्रेषितांसमोर (स.) आणले. प्रेषितांनी (स.) विचारले की दगड का मारतोस? मुलाने उत्तर दिले की खाण्यासाठी, भूक लागते म्हणून. प्रेषितांनी (स.) त्याला दगड मारू नये, खाली पडलेले खावे असे सांगितले, त्याच्या डोक्यावरून हात फिरविला आणि त्याचे पोट भरावे अशी प्रार्थना केली. या एका निवाड्यात झाडाचाही हक्क राखला गेला आणि भुकेचाही. झाडाला जखम होता कामा नये. मुलाने उपाशी परतू नये. कुंपणापाशी आलेल्या मुलाला आपण शिवी हासडतो तेव्हा झाड कदाचित वाचते, पण निवाड्याचा दुसरा अर्धा भाग आपण सोडून दिलेला असतो. अन्य हदीसमध्ये गरजूने झाडाखाली खाणे आणि ओचा भरून घेऊन जाणे यांत स्पष्ट भेद केला आहे. तोच भेद मुलांना शांतपणे शिकविता येतो.

पक्ष्यांच्या व प्राण्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीचा शेवट बुखारी व मुस्लिममध्ये वर्णिलेला आहे. फळांना कागदी पिशव्या बांधणे, फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला रक्षक सापळा टांगणे, फळ तयार होताच नूतन झेल्याने देठासह उतरविणे हे सर्व राखणीचे सरळ मार्ग आहेत. विषारी आमिष ठेवणे किंवा जाळ्यात अडकलेले वटवाघूळ तडफडत ठेवणे, याला राखण म्हणता येणार नाही.

आता जे फळ प्रत्यक्ष घरात येते त्याचा विचार करू. सूरह अल-अन्आममध्ये (६:१४१) फळ आले की खावे, तोडणीच्या दिवशी त्याचा हक्क द्यावा आणि उधळपट्टी करू नये, असा आदेश आहे. घरच्या परसापुरते पाहिले तर कायद्याच्या अंगाने एक लक्षणीय गोष्ट दिसते. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मार्गाचे अनुयायी आहेत. या मार्गात फळांपैकी खजूर व द्राक्षे यांवरच जकात आहे. आंबा-फणसावर ती नाही. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते जमिनीच्या उत्पन्नावर उश्र आहे, पावसावरील पिकाचा १० वा आणि पाणी देऊन वाढविलेल्याचा २० वा हिस्सा; तथापि राहत्या घराच्या आवारातील झाडाला हनफी ग्रंथांनीही त्यातून वगळले आहे. ज्यांच्या विक्रीच्या बागा आहेत त्यांनी आपल्या आलिमांकडून नेमका हिशेब समजून घ्यावा. परसातील झाडापुरता विचार करता, दोन्ही मार्गांत कायदा आपल्या दारापाशी येऊन थांबतो. तेथून पुढे कोणी मोजणारा नाही, मागणारा नाही. माणसाचे औदार्य किती आहे, हे नेमके तेथेच कळते.

सूरह अल-कलममधील (६८:१७-३३) बागवाल्यांची हकीकत या संदर्भात वाचण्याजोगी आहे. त्यांनी कोणाची चोरी केली नव्हती. बाग त्यांचीच होती. एकही गरीब आज आत येता कामा नये, असे कुजबुजत ते पहाटे तोडणीला निघाले, एवढेच. रात्रीतच आपत्तीने बाग नष्ट केली होती. भानावर आल्यावर त्यांनी स्वतःच्या अन्यायाची कबुली दिली आणि आपल्या पालनकर्त्याकडे वळले. स्वतःचे फळ स्वतः तोडण्यातही अन्याय असू शकतो, ही गोष्ट त्यांना बाग गमावल्यावर उमगली.

हक्कदारांत शेजारी पहिला येतो. आंब्याची फांदी कुंपणापलीकडे गेली तरी फळ मालकाचे राहते. पण ती फांदी ज्या जागेवर आहे ती शेजाऱ्याची असते आणि त्याने मागणी केल्यास ती हटविणे मालकाचे काम ठरते, असे फिकहच्या ग्रंथांत मांडले आहे. आपल्या फणसाची मुळे त्याच्या भिंतीत शिरत असतील किंवा आपला पाचोळा त्याच्या पन्हळीत तुंबत असेल, तर झाड लावण्याचे पुण्य सांगत बसण्यात अर्थ नाही. कोणाला इजा करू नये आणि इजेचा बदला इजेने घेऊ नये, हे इस्लामी कायद्याचे मूळ सूत्र आहे. अबू दाऊदमध्ये समुरा बिन जुंदुब (रजि.) यांच्या एका झाडाची हकीकत आहे. त्यांचे झाड एका अन्सारी व्यक्तीच्या बागेत होते व त्यांच्या ये-जा करण्याने त्या कुटुंबाला त्रास होई. प्रेषितांनी (स.) त्यांना झाड विकण्यास, बदलून घेण्यास आणि शेवटी दान करण्यास सुचविले. कोणतीही तोड मान्य न झाल्यावर प्रेषितांनी (स.) ते झाड काढून टाकण्याची मुभा त्या अन्सारींना दिली. झाडांवर एवढे प्रेम करणाऱ्या प्रेषितांनी (स.) हा निर्णय दिला, यावरून शेजाऱ्याच्या हक्काचे वजन लक्षात यावे. मात्र बहुतेक वेळा फांदी छाटल्याने प्रश्न सुटतो. पूर्ण झाड तोडायचे झाल्यास नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते, हेही विसरू नये.

शेजारी कोणत्या धर्माचा आहे, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठविला की नाही, याची त्यांनी पुनःपुन्हा चौकशी केली होती. खोपोलीच्या आळीत पहिल्या उतरणीच्या आंब्यांची एक परडी शेजारच्या घरी जाते, तेव्हा या सुन्नतचेच पालन घडत असते. परडीत डागी फळे घालून चांगली घरी ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. आपण स्वतः जे घेण्यास नाखूश असू ते देऊ नये, ही कुरआनची (२:२६७) ताकीद आहे.

शेवटचा हक्कदार असा आहे की तो अजून जन्मालाही आलेला नाही. बियांपासून वाढविलेला फणस फळायला ७-८ वर्षे लागतात आणि रायवळ आंब्यालाही तेवढा धीर लागतो. रायगड जिल्ह्याला या धीराची कसोटी अलीकडेच द्यावी लागली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांतील नारळ-सुपारीच्या वाड्या व आंब्याच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेली झाडे नातवंडांच्या डोळ्यांदेखत गेली. त्यानंतर ज्या वयस्क माणसांनी पुन्हा खड्डे खणून रोपे लावली, त्यांतील काहींना त्या सुपारीचे पहिले पीक बघायला मिळेलच अशी खात्री नव्हती. अंतिम घटका येऊन ठेपली असताना हातात रोप असेल आणि ते लावणे शक्य असेल, तर लावावे, ही मुस्नद अहमदमधील हदीस त्यांच्या कृतीतून वाचता येते. त्या घटकेनंतर फळ खाणारा कोणी नाही. तरीही लावण्याचे मोल कायम आहे. लावणे आणि जोपासणे एवढेच माणसाकडे मागितले आहे.

तेव्हा झाड आपले असले तरी फळ कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: झाडाची निगा आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे, फळ अल्लाहची देणगी आहे आणि त्या देणगीत त्याने अनेकांचे वाटे ठेवले आहेत. आपला वाटा आपण आनंदाने खावा, इतरांचा अडवू नये. येत्या जूनमध्ये परसात एखादी जागा मोकळी असेल, तर तेथे फरशी घालण्यापूर्वी घरातील सर्वांनी मिळून एकदा विचार करावा आणि मुलांच्या हातून एखादे कलम लावून घ्यावे. त्याला पाणी घालण्याची पाळी मुलांकडे द्यावी आणि पहिले फळ कोणाला द्यायचे हेही त्यांनाच ठरवू द्यावे.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या देणग्यांची जाण ठेवण्याची व त्यांतील प्रत्येकाचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.